बिनतारी जाळे आणि महापालिका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईकरांस पाठ आहे. त्याच दिवशी उपनगरांत माणसाचा माणसाशी संबंध तुटला होता, हे मात्र विस्मरणात जात आहे. वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले, आणि जे चालू राहिले ते लाखो लोकांच्या एकाच वेळच्या हाकांनी तुंबले. साकीनाक्याला दरडीखाली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली जात असता मदत मागणारा आणि मदत देणारा या दोघांनाही तीच एक तुंबलेली वाट होती.

पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी स्वतंत्र बिनतारी ब्रॉडबँड जाळे असावे, ही कल्पना अशाच अनुभवांतून आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ४ जून २०१८ रोजी तशी शिफारस केली. त्यासाठी लहरींचा पट्टा राखून ठेवावा आणि गृहमंत्रालयाच्या देखरेखीखाली खास संस्था स्थापावी, असे प्राधिकरणाने सुचविले. योजना स्तुत्य आहे. आमचा प्रश्न एवढाच की, तिचा नकाशा आखला जाताना त्या बैठकीत महापालिकेला खुर्ची मिळणार की नाही?

हा मानापमानाचा प्रश्न नव्हे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे मेली. तेथे बंब महापालिकेचा, पोलीस राज्याचे, आपत्ती प्रतिसाद दल केंद्राचे. खाली पेट्रोल असल्याने लोखंड कापण्यास ज्योत वापरता येईना. अशा वेळी जमिनीखालच्या टाकीचा आराखडा ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या जवानाच्या हातात क्षणात यावा लागतो. ते काम नुसत्या आवाजाच्या वायरलेसचे नव्हे. त्याला ब्रॉडबँडच हवे. आणि असे आराखडे प्रायः महापालिकेच्या दप्तरातूनच निघायचे! अग्निशमन हा विषय तर घटनेच्या बाराव्या अनुसूचीनेच नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आणला आहे. ज्याचा बंब, त्यालाच जाळ्याच्या आखणीत स्थान नसेल, तर ते विचित्रच म्हटले पाहिजे.

सुरक्षेची यंत्रणा एकाच हाती असावी, नगरसेवकांच्या सभागृहात तिची चर्चा नको, असा आक्षेप येईल. गुप्त संकेत आणि पोलिसांचे संदेश यांबाबत तो आम्हांस मान्य आहे. पण मनोरा कोठे उभारावा, यात गुपित ते काय? विक्रोळी ते मुलुंडपर्यंतच्या टेकड्यांच्या उतारांवर लहरी कोठे अडतात, अंधेरीच्या टोलेजंग इमारतींच्या तळघरांत यंत्र कोठे बहिरे होते, बोरिवलीच्या वनालगतच्या पाड्यांवर काय अवस्था आहे, हे दिल्लीत बसून कळत नाही. ते कळते विभाग कार्यालयातील अभियंत्यास आणि अग्निशमन केंद्रातील जवानास.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दिलेला इशारा मनोऱ्यात चढलेल्या अग्निशामकांपर्यंत पोहोचला नाही. त्या धड्यावरून अमेरिकेने २०१२ साली कायदा करून असेच राष्ट्रीय जाळे उभारण्याचे ठरविले आणि सात अब्ज डॉलर राखून ठेवले. पण राज्यांशी व स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करण्याचे बंधनही त्याच कायद्यात घातले.

अर्थात, नुसती खुर्ची मागून महापालिकेचे काम भागणार नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली, आणि त्या काळात असे प्रश्न उपनगरांच्या वतीने विचारावयास कोणी लोकप्रतिनिधी पालिकेत नव्हता. ती उणीव आता कामाने भरून काढावी लागेल. शाळांची आणि रुग्णालयांची उंच छपरे, पुराच्या पाण्यापासून सुरक्षित जागा, जनित्रांची सोय, हे सर्व पालिकेपाशी आहे. ते तिने देऊ करावे. भाड्याचा हिशेब मागाहून होईल. येत्या पावसाळ्यापूर्वी उपनगरांतील प्रत्येक विभागाने, जेथे संदेश पोहोचत नाही अशा जागांची यादी अग्निशमन दलाकडून तपासून घ्यावी, आणि आयुक्तांनी ती राज्य शासनाच्या व गृहमंत्रालयाच्या हाती द्यावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.