इसबगोल काय औषध आहे का?

गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. रात्रीची जेवणं झाली आणि बाबांनी नेहमीप्रमाणे ग्लासभर पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळलं. त्याच पाण्याबरोबर कोलेस्टेरॉलची गोळीही घेतली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिन गटातली.

म्हटलं, "बाबा, दोन्ही एकदम? डॉक्टरांना विचारलंय का?"

"अरे, त्यात काय विचारायचं? इसबगोल काय औषध आहे का?"

झालं! आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर हेच असतं. डॉक्टर विचारतात, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" तेव्हा इसबगोल, मेथी, त्रिफळा यातलं काहीच कोणी सांगत नाही. ते 'घरचं' ना!

आता गंमत बघा. इसबगोल खरं तर गोळीचा शत्रू नाही, दोस्तच आहे. त्याचा चिकट जेल आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो. मग नवीन पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन अधिक रोज 15 ग्रॅम इसबगोल यांनी एलडीएल जवळजवळ 20 मिलिग्रॅमच्या गोळीइतकंच उतरवलं होतं.

पण जो जेल पित्ताम्लं धरतो, तो गोळीलाही अडकवू शकतो. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये काही पेशंटांची नोंद आली होती. लोव्हास्टॅटिनबरोबर पेक्टिन किंवा ओटचा कोंडा सुरू केल्यावर त्यांचं एलडीएल उलट वाढलं, आणि ते बंद केल्यावर पुन्हा उतरलं. म्हणजे तो इसबगोल नव्हता, गोळीही वेगळी होती. म्हणून घाबरून काही बंद करायची गरज नाही. पण इतर औषधं आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळायला खर्च शून्य.

आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही प्रोग्रॅम उत्तम, फक्त शेड्यूल चुकलंय.

मला खरी भीती वेगळीच वाटते. समजा गोळी कमी शोषली गेली, रिपोर्टमध्ये एलडीएल जास्त आलं, तर डॉक्टर काय करणार? डोस वाढवणार. बिचाऱ्यांना इसबगोलचा पत्ताच नाही! आणि दुसरं टोक म्हणजे "इसबगोलनं उतरतंय ना" म्हणून गोळीच सोडणारे महाभाग. एकट्या इसबगोलनं एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. ते गोळीची जागा घेऊ शकत नाही.

आई म्हणाली, "एकदम घेतलं की विसरत नाहीत रे." मुद्दा बरोबर होता. मग सोमवारी डॉक्टरांना फोन केला. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसात कधीही घेतलेलं चालतं, तेव्हा गोळी आता सकाळच्या चहाबरोबर, बीपीच्या गोळीशेजारी. इसबगोल रात्री, भरपूर पाण्यातून.

असो. या वीकेंडला घरी गेलात तर औषधांचा डबा बघाच. आणि डब्याबाहेर काय काय घेतलं जातं, तेही विचारा.