ससा फिरून येतो, बीगल येत नाही

अमेरिकेत सध्या सशांच्या शिकारीचा हंगाम चालू आहे. मिशिगनमध्ये तो १५ सप्टेंबरला उघडतो आणि ३१ मार्चला मिटतो. मिसूरीत १ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. माणशी दिवसाला किती ससे टिपायचे यालाही बांध आहे, मिशिगनमध्ये पाच, मिसूरीत सहा. या शिकाऱ्यांचे तिथे सरळ दोन तट पडतात. एक बीगल घेऊन जाणाऱ्यांचा, दुसरा कुत्र्याशिवाय जाणाऱ्यांचा.

आपल्याकडे सशाची शिकार हा गुन्हा आहे. आमचा वाचक कुत्री पाळणारा, त्यांची पैदास करणारा, त्यांना शिकवणारा किंवा त्यांच्यावर उपचार करणारा आहे. बंदुकीशी त्याचे देणेघेणे नाही. तरीही या महिन्याचे संपादकीय त्या हंगामावर लिहितो आहोत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफा कुरतडत बसलेल्या बीगलचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या मागावर घडला आहे. तो तिथे नेमके काय करतो हे न पाहताच आपण त्याला विकतो, शिकवतो आणि शेवटी हट्टी म्हणून नावे ठेवतो.

आधी ससा पाहू. तिकडे मुख्यतः ज्याच्या मागे लोक असतात तो ईस्टर्न कॉटनटेल, पांढऱ्या गोंडेदार शेपटीचा. तो स्वतः बीळ खणत नाही. गवतात, काटेरी जाळीत, तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाखाली अंगापुरती खळगी करून दिवसभर दडून असतो. त्याचा वावर काही एकरांपुरता; त्यातली वाट न्‌ वाट त्याला पाठ. मागे कोण लागले आहे आणि किती वेगाने येते आहे, यावर त्याचे वागणे ठरते. मागचा जीव खाऊन धावत असेल तर ससा वुडचक या बीळ खणणाऱ्या प्राण्याचे एखादे जुने बीळ गाठतो आणि सगळे तिथेच संपते. मागचा सावकाश येत असेल तर तो थोडे पळतो, थांबतो, कान टवकारतो, पुन्हा पळतो. ओळखीचा मुलूख सोडवत नाही म्हणून वळसा घेऊन, जिथून उठला त्याच्या आसपास परत येतो. बीगलच्या शिकारीचे सगळे शास्त्र या वळशावर उभे आहे.

कुत्र्याशिवाय जाणाऱ्याला हा वळसा कामाचा नाही. त्याला ससा उठतानाच गाठावा लागतो. म्हणून तो बांधाकडेने, पडीक रानातून अगदी रमतगमत चालतो. चार-दोन पावले टाकली की उभा राहतो. हे उभे राहणेच महत्त्वाचे. माणूस चालत असेपर्यंत ससा दबून बसतो, तो जवळून निघून जाईल या भरवशावर. पावले थांबली की त्याला वाटते आपण दिसलो, आणि तो उसळतो. जाणकार शिकारी आख्खा ससा शोधत बसत नाही; सुक्या गवताच्या रंगात त्याचा काळाभोर गोल डोळा तेवढा वेगळा दिसतो, तो शोधतो. बर्फ पडून गेल्यावर ऊन निघाले की दक्षिणेकडच्या उतारावर जायचे, कारण ससे तिथे उबेला येतात आणि ताज्या बर्फात त्यांची पावले उमटतात. दोघे असतील तर एकाने फांद्यांच्या ढिगावर चढून तो पायाने हलवायचा, दुसऱ्याने बाजूला तयार उभे राहायचे. ससा उठला की बंदूक खांद्याला लावून नेम धरायला क्षण-दोन क्षण मिळतात, आणि तोही पाठमोरा, पळता ससा. किती ससे आपल्या बुटापासून दोन हातांवर गप्प बसून राहिले, हे या शिकाऱ्याला कधीच कळत नाही. कुत्र्याने नाकाने करायचे काम तो पायांनी आणि डोळ्यांनी करत असतो.

कुत्रेवाल्यांची सकाळ याच्या अगदी उलट. दोन-तीन माणसे, चार-सहा बीगल. पहिला ससा उठवायला माणसेही कुत्र्यांबरोबर जाळ्या झोडपतात, पण ससा उठताच गोळी घालणे तिथे हलके समजले जाते. ज्याला ससा दिसला तो ‘टॅली-हो’ अशी आरोळी देऊन कुत्र्यांना त्या जागी बोलावतो. कुत्री जमिनीला नाक लावतात, एकाला वास लागतो, तो तोंड उघडतो, मग बाकीची त्याच्या सुरात मिसळतात. इथून माणसाने पळायचे नाही. ससा जिथून उठला तिथे जवळ, समोरचे दिसेल अशी जागा धरून नुसते ऐकायचे. आवाज दूर जातो, डावीकडे कलतो, मध्येच बंद पडतो. बंद पडला म्हणजे सशाने गुंगारा दिला: उडी मारून बाजूला गेला, आल्या वाटेने उलटा फिरला किंवा पाण्याच्या कडेने निघाला. चांगली कुत्री तेवढ्यातच नाक घासत घोटाळतात आणि माग पुन्हा जोडतात. मग आवाज जवळ येऊ लागतो. ससा मात्र कुत्र्यांच्या कितीतरी पुढे असतो, आणि टुणटुण उड्या मारत समोर येतो. ज्याला सगळी कुत्री कुठे आहेत हे ठाऊक नाही, त्याने बंदूक उचलायची नाही. हलत्या झुडपावर छर्रे सोडणारा पुन्हा बोलावला जात नाही. नेम चुकला, किंवा बार काढलाच नाही, तरी हरकत नसते. कुत्री त्याला आणखी एक वळसा घालून आणतात. हंगाम संपल्यावर, नियम परवानगी देतात तिथे, बंदूक घरी ठेवून केवळ हा आवाज ऐकायला जाणारेही पुष्कळ आहेत.

थैली कोणाची जास्त भरते, हा वाद तिकडे दरवर्षी रंगतो. ताजा बर्फ आणि स्वच्छ ऊन असेल तर कुत्र्याशिवायचा माणूस मागे राहत नाही. दाट जाळी, ओल धरलेली जमीन आणि पडलेला वारा असेल तर बीगलवाल्यांना तोड नाही. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्यात बीगलने ससा पकडणे अपेक्षितच नाही. त्याने सावकाश जायचे, नाक जमिनीवरून उचलायचे नाही, वास असेल तर बोलायचे, नसेल तर गप्प राहायचे, आणि मालक दिसेनासा झाला तरी काम सोडायचे नाही. आता आपल्याकडच्या तक्रारी आठवा: हाक मारली तर येत नाही, फिरायला नेले की मान वर करत नाही, सारखा ओरडतो, एखाद्या कोपऱ्यापाशी अडून बसतो. एकेक तक्रार म्हणजे त्या रानातला एकेक गुण आहे. हाकेसरशी माग सोडून येणारा कुत्रा त्या शिकाऱ्यांनी ठेवलाच नसता.

याचा अर्थ बीगल घडवणाऱ्यांच्या हातून कधी चूक झाली नाही असे नाही, आणि पैदास करणाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी. अमेरिकन केनेल क्लबने १८८५ मध्ये या जातीची नोंद सुरू केली. पुढे कुत्र्यांच्या मैदानी चाचण्या होऊ लागल्या. त्यांतल्या ‘ब्रेस’ प्रकारात दोन-दोन कुत्री सोडतात, आणि माग तंतोतंत धरणाऱ्याला गुण मिळतात. मागावरून जरा पुढे गेला की तो मागे पडतो. पदकांच्या हौसेने लोक अधिकाधिक सावध कुत्री एकमेकांना लावत गेले. काही पिढ्यांत अशी कुत्री निघाली की ती नाक टेकून पावलापावलाने चालत आणि ससा केव्हाच पसार झालेला असे. शिकाऱ्यांनी मग स्वतःच्या वेगळ्या चाचण्या उभ्या केल्या, ज्यांत ससा शोधून उठवणे आणि बंदुकीच्या आवाजाला न बुजणे हेही तपासले जाते. आपल्याकडे तर माग आणि आवाज हे निकष कोणी लावतच नाही. तीन रंग छान उमटले आहेत का, शेपटीचे टोक पांढरे आहे का, उंची १३ इंचांच्या आत आहे की १५ पर्यंत, एवढ्यावर जोड्या ठरतात. ज्या नर-मादीची पिल्ले शहरात बंद दारामागे वाढणार, त्यांच्यात उगाच ओरडणारे कोण आणि एकटे राहू शकणारे कोण, हे आधी पाहायला हवे. वास नसताना बोलणाऱ्या कुत्र्याला तिकडचे शिकारीसुद्धा पैदाशीतून काढतात.

आपल्या वाचकांना कारवान जातीचा कुत्रा ठाऊक आहे. तो नजरेने शिकार करणारा: ससा दिसला की बाणासारखा सुटतो, तोंडातून आवाज काढत नाही, आणि काही क्षणांत निकाल लागतो. बीगल त्याच्या दुसऱ्या टोकाला. त्याला ससा दिसण्याची गरजच नसते. म्हणून कारवान शिकवलेल्या माणसाने तीच रीत बीगलला लावली की दोघेही वैतागतात. कारवानला दृश्य संपले की शुद्ध येते. बीगलसाठी वास तासभर संपत नाही.

इथेच कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण टेकडीवर पट्टा सोडून बीगलला सशामागे पळवायचे, ‘त्याचा व्यायाम होतो’ म्हणायचे, हा प्रकार वाढला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत मारणे तर येतेच. पकडणे, पाठलाग करणे, हाकारणे, सापळा किंवा आमिष लावणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे बंदुकीशिवाय कुत्री पळवण्याची जी हौस मिशिगनमध्ये चालते, ती इथे सरळ शिकारच ठरते, ससा निसटला तरीही. कारवानच्या शर्यतींच्या नावाखाली रानात जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. प्रशिक्षकांनी ग्राहकाला असा ‘सराव’ सुचवू नये. सुचवला तर जबाबदारी त्यांचीही आहे.

मग बीगलच्या नाकाचे काय करायचे? इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे पायी चालत, बीगलच्या कळपाने मोठ्या रानसशाचा माग काढण्याची जुनी चाल होती. २००४ च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये ती बंद केली, आणि फेब्रुवारी २००५ पासून बंदी लागू झाली. कळप ठेवणाऱ्यांनी कुत्री विकून न टाकता आधीच अंथरलेल्या वासाच्या वाटेवर ती पळवायला सुरुवात केली. त्या आडून खरी शिकार चालते असे आरोप तिथे होतात, ते सोडून द्या. कुत्र्याला जिवंत ससा लागत नाही, पूर्ण होणारा माग पुरतो, एवढे त्यातून घ्यावे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल उभे केले, प्रवाशांच्या पिशव्यांतली फळे आणि मांस हुंगून काढायला. तेच नाक, तोच चिवटपणा.

घरी करायची रीत साधी आहे. पहाटे, जमिनीवर दंव असताना, कोंबडीच्या काळजाचा तुकडा कापडात बांधून मोकळ्या मैदानावर वीस-तीस पावले ओढत न्यायचा, शेवटी खाऊ ठेवायचा. कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, त्याला दहाएक मीटरची दोरी. मागावर असताना त्याला हाक मारायची नाही, दोरी खेचायची नाही, ‘शाब्बास’सुद्धा म्हणायचे नाही, शिकारी जसा उभा राहून ऐकतो तसे मागून चालायचे. जमले की वळणे वाढवायची, मग वाट अंथरणे आणि कुत्रा सोडणे यांत अर्धा तास जाऊ द्यायचा. दुपारी, तापल्या कोरड्या जमिनीवर हा खेळ मांडू नये. तिथे वास टिकत नाही आणि कुत्रा हिरमुसतो. हाकेला येण्याची शिकवण द्यायचीच, पण तिच्या भरवशावर बीगलला कुंपण नसलेल्या जागी मोकळा सोडू नये. तिकडचे शिकारी अनुभवाने शहाणे झालेले असल्यामुळे हल्ली कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधतात. तोही नसेल आणि कुत्रा हरवला, तर जिथून सोडला तिथेच आपला अंगातला कोट टाकून घरी जातात आणि पहाटे परत येतात. बऱ्याचदा कुत्रा त्या कोटावर झोपलेला सापडतो. शहरात बीगल हरवल्याचा फोन आला तर पशुवैद्यांनी आणि प्रशिक्षकांनी हा उपाय आधी सांगावा.

पशुवैद्यांसाठी आणखी थोडे. दिवसभर जाळीतून पळणाऱ्या बीगलच्या अंगावर चरबी दिसत नाही. आपल्याकडे दवाखान्यात येणारे बीगल बहुतेक फुगलेले असतात, कारण वासावर जगणारे हे जनावर खाण्याला कधीच नाही म्हणत नाही आणि घरच्यांना ते प्रेम वाटते. वजनाचे औषध वाटीत जेवढे आहे तेवढेच त्या दोरीच्या टोकाला आहे. लोंबत्या कानांची तपासणी आणि गोचिडांचा बंदोबस्त हे मात्र माग काढायला नेणाऱ्यांनी अधिक काटेकोरपणे करावे.

पैदास करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की ‘लहान चणीचा, फ्लॅटसाठी सोयीचा’ ही जाहिरात थांबवा. पिल्लाची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण वाढलेला बीगल मागावर चालताना दाखवा, त्याचा आवाज ऐकवा, आणि रोज सकाळी तास-दीड तास देणार का, ते विचारा. ‘नाही’ म्हणाला तर त्याला दुसरी जात सुचवा. आणि ज्यांनी वासाच्या वाटा अंथरून पाहिल्या आहेत, त्यांनी हवामान, जमीन आणि कुत्र्याचे वय यांच्या नोंदींसह आम्हाला लिहावे. फेब्रुवारीच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.