गिऱ्हाईक कुठे आहे?

टांझानियात अल्बिनिझम असलेल्या माणसांचे हात-पाय तोडून नेतात, कारण मांत्रिक त्यांची औषधं आणि ताईत बनवतात. हे कुणालाही सांगून बघा, हमखास एकच उत्तर येतं, "बापरे, काय अडाणी लोक आहेत!" विषय संपला. मला हे 'अडाणी' प्रकरण अजिबात पटत नाही.

रेड क्रॉसचा २००९ चा एक अहवाल आहे. त्यात पोलिसांच्या हवाल्याने चक्क भाव दिलाय: चारही हातपाय, कान, नाक, जीभ, जननेंद्रिय असा पूर्ण 'सेट' ७५ हजार डॉलर. (सेट! डिनर सेट असतो तसा.) तेव्हा त्या देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला हजार डॉलरसुद्धा नव्हतं. आता व्हिक्टोरिया सरोवरावरचा कोळी एवढे पैसे कुठून आणणार? तो फार तर मासे जास्त लागावेत म्हणून जाळ्यात चार केस विणेल. वाईटच आहे तेही, पण ७५ हजार मोजणारा माणूस वेगळा. त्याच्याकडे बक्कळ पैसा आहे, आणि मला वाटतं, शिक्षणही असणार. २०१५ च्या निवडणुकीआधी हल्ले वाढतील अशी भीती तिथे उगाच व्यक्त होत नव्हती.

शेजारच्या मलावीतली केस बघा. २०१८ मध्ये अल्बिनिझम असलेल्या एका तरुणाचा खून झाला. २०२२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलेल्यांत कोण होते? त्याचा सख्खा भाऊ, एक पोलीस, एक आरोग्य कर्मचारी आणि एक कॅथलिक धर्मगुरू! यातला अडाणी कोण ते सांगा.

टांझानिया सरकारने जानेवारी २०१५ मध्ये मांत्रिकांवर बंदी घातली, शेकडो लोकांना पकडलं. ठीक आहे. पण खेड्यात झाडपाल्याचा वैद्य हाच पहिला डॉक्टर असतो, आणि त्यातले बहुतेक जण मुळ्या उकळण्यापलीकडे काही करत नाहीत. सगळ्यांना एकाच दावणीला बांधून काय मिळालं? मारेकरी सापडतात, कधीकधी मांत्रिकही सापडतो. गिऱ्हाईक जवळपास कधीच नाही. जोपर्यंत पोलीस पैसा कुठून आला हे शोधत नाहीत, तोपर्यंत एक मांत्रिक आत गेला की दुसरा दुकान उघडणारच. सप्लाय बंद करून डिमांड मरत नाही, हे काय नव्याने सांगायला हवं?

आणि ज्यांच्यावर हे सगळं चाललंय त्यांचं काय? आईवडील दोघांकडून एक-एक जनुक आलं, त्वचेत मेलॅनिन नाही, बस्स. टांझानियात साधारण १४०० जणांत एक. विषुववृत्ताजवळचं ऊन, त्यामुळे कितीतरी जण त्वचेच्या कॅन्सरने तरुणपणीच जातात. त्यांना खरं तर टोपी, लांब बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हवं. त्याऐवजी शिन्यांगातल्या बुहांगिजासारख्या निवासी केंद्रांत मुलं कुंपणाआड ठेवावी लागली. काहींच्या घरचे नंतर भेटायला यायचेही बंद झाले. आणि कुणी आजारपणाने गेलाच, तर नातेवाईक थडग्यावर काँक्रीट ओततात, रात्री कुणी उकरू नये म्हणून.