चाकाऐवजी पट्टा

"मामा, किट कुठलं घेऊ?" कॅल्गरीहून भाच्याचा फोन. त्याची ४५० सीसीची डर्ट बाईक हिवाळाभर पडून असते. किट बसवलं की पुढच्या चाकाच्या जागी स्की येते, मागे दातेरी रबरी पट्टा, आणि गाडी बर्फावर धावते.

मी बर्फावर कधी गाडी घातलेली नाही. सुप्याचा चिखल मात्र पोटभर खाल्लाय. काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा बुडालं, बाबांची राजदूत तेवढी जोयड्याला आली. आषाढात ते मागच्या टायरची हवा थोडी कमी करत. टायर पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी कमी रुतते. पट्ट्याचं कामही तेच.

म्हणून म्हटलं, कंपनी कुठली ते नंतर, आधी पट्ट्याची लांबी ठरव. किटच्या नावातले १२०, १२९, १३७ हे त्याचेच इंच. लांब पट्टा खोल, भुसभुशीत बर्फावर तरंगतो, पण वळायला जड आणि इंजिनची ताकद खातो. झाडांमधून फिरणाऱ्या नवख्याला १२० बरा. शिवाय तुझ्या मॉडेलला जोडायचे भाग वेगळे घ्यावे लागतात, तेही हिशेबात धर.

"आई नकोच म्हणते."

ताईला भीती डोंगरावरून सुटणाऱ्या बर्फाची, आणि ती खोटी नाही. बीकन, प्रोब, फावडं आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण, यांचे पैसे आधी काढ. उरतील त्यात किट. एकट्याने तर जायचंच नाही.

तो गप्प. मग म्हणाला, "म्हणजे यंदा किट नाही."

"पुढच्या वर्षी घे. पावसाळ्यात इकडे ये, राजदूत अजून चालू होते."