आठवड्यातून दोनदाच, पण नेमाने

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्ये घडविणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांचा हा गौरवच आहे. पण गिऱ्हाइकाला कारागिराचे दुकान ठाऊक असेल, तरच त्याचा लाभ कारागिराच्या पदरी पडेल. नाही तर हात मिरजेचे आणि नफा मधल्या दुकानदाराचा, हे चालूच राहील.

मोबाईलवर जाहिरात करा म्हटले की कारागीर विचारतो, "रोज टाकायचे तरी काय? आणि काम कधी करायचे?" तक्रार रास्त आहे. आम्ही तर म्हणतो, रोज टाकूच नका. आठवड्यातून दोनदा पुरे. एकदा काम दाखवावे : भोपळा कापणे, पडदे बांधणे, जवारी काढणे. दुसऱ्यांदा तयार वाद्य, त्याचा आवाज व किंमत. महिन्यातून एकदा जुम्याच्या नमाजनंतरची दुपार काढली, तर आठही चित्रफिती टिपून होतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. म्हणून किंमती बिझनेस ॲपच्या कॅटलॉगमध्ये ठेवाव्यात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. दुसऱ्याच्या मालाचे चित्र आपले म्हणून दाखवू नये. मापात खोट नको, तशी चित्रातही नको. शिवाय गिऱ्हाइकांचे नंबर वहीत उतरवून ठेवावेत. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ त्यावरच विसंबलेल्यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत तुटले. ॲप परक्याचे आहे, वही आपली आहे. सुरुवात वहीपासून करावी.