पत्रे रद्दीत घालण्याआधी

फाटलेला कुरआन आपण कचऱ्यात टाकत नाही. त्याची पाने अदबीने वाहत्या पाण्यात सोडतो किंवा दफन करतो. ज्यू समाजातही असाच रिवाज आहे. ईश्वराचे नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून असे जुने कागद सिनेगॉगमधल्या कोठीत ठेवायचे आणि पुढे जमिनीत पुरायचे. या कोठीला गनिझा म्हणतात.

जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या बेन एझरा सिनेगॉगच्या गनिझात मात्र शेकडो वर्षांचे कागद साठतच गेले. त्यांतले १ लाख ९० हजारांहून अधिक तुकडे आज केंब्रिज विद्यापीठात आहेत. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी ते तिथे नेले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर त्यात घरची पत्रे, उधारीचे हिशेब, व्यापाऱ्यांच्या तक्रारीही निघाल्या. यातला बराच मजकूर हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेतला आहे.

त्यातले एक पत्र दाविदचे, ११७० च्या सुमाराचे. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने भावाला कळवले की मी हिंदुस्थानला निघालो आहे, काळजी करू नका. हा भाऊ म्हणजे मुसा बिन मैमून, पुढे अय्यूबी दरबारात नावाजलेला हकीम. दाविद परतला नाही. तो हिंदी महासागरात बुडाला. कागद मात्र उरला. अशाच पत्रांवरून एस. डी. गोइटाइन यांनी त्या काळच्या समाजाचा इतिहास अनेक खंडांत लिहिला. ज्यू आणि मुसलमान व्यापारात एकमेकांचे भागीदार होते, हेही त्यातून दिसते.

गनिझातली पत्रे रिवाजामुळे वाचली. आज ज्यू संस्था हे काम ठरवून करतात. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या लिओ बेक इन्स्टिट्यूटच्या न्यूयॉर्कमधल्या संग्रहात जर्मन भाषक ज्यूंची कौटुंबिक पत्रे आहेत. त्यांतली पुष्कळशी आता घरबसल्या पाहता येतात.

काही जण विचारतील, यहुद्यांकडून काय शिकायचे? इस्रायल सरकारच्या धोरणांवर माझाही राग आहे. पण सरकार आणि समाज एक नसतात, हे आपण स्वतःबद्दल रोज सांगतोच. शिवाय मराठी बोलणारे बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या कोकणात आपले शेजारी होते.

आपल्याकडे काय आहे? कचेरीने मागितलेला प्रत्येक कागद आपण प्लास्टिकमध्ये जपतो. आखातातून, मुंबईच्या गोदीतून, बोटीवरून आलेली, वर ७८६ लिहिलेली पत्रे मात्र रद्दीत जातात. मग आपला इतिहास म्हणजे सरकारी नोंदी आणि दंगलींच्या बातम्या एवढाच उरतो. नवऱ्याने मनिऑर्डरीसोबत काय लिहिले, आईने कुणाकडून पत्र लिहवून घेतले, हे त्यात कुठेच नसते.

घरातली भानगड बाहेर जाईल, ही भीती खरी आहे. त्यावर उपायही आहे: नाजूक पत्रे ठरावीक वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर देता येतात. तोवर पाकिटे टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका. कोणी, कुणाला, कुठून लिहिले, ते वेगळ्या कागदावर नोंदवा. उर्दू किंवा मोडी वाचणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि प्रत्येक जमातीने एखादे कोरडे कपाट यासाठी द्यावे. मशिदीच्या रंगरंगोटीपेक्षा त्याला फार कमी खर्च येईल.