सहा फ्रँकांची उधारी



गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही घरची सहा माणसे स्वित्झर्लंडला जाऊन आलो. तेव्हापासून जुन्नरच्या मंदिरात असो वा मंचरच्या बाजारपेठेत, भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "खाण्याचे काय केलेत?" तेव्हा आधी त्याचे उत्तर देतो आणि मग मला जे सांगायचे आहे त्याकडे वळतो.

सौ.चा चौविहार आणि कंदमूळत्याग चाळीस वर्षांचा. स्वयंपाकी बरोबर घेऊन जाणाऱ्या सहली असतात. पण चिरंजिवांना आपल्या चालीने फिरायचे होते. मी पंचांगाबरोबर तिकडच्या सूर्यास्ताच्या वेळा पाहिल्या आणि निम्मी चिंता मिटली. मेअखेरीस तिकडे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. दिवसभर हिंडून परतल्यावरही चौविहाराला अवकाश उरतो. हीच सहल नाताळात काढली तर पावणेपाचलाच सूर्य मावळलेला असतो. एकच अडचण आली. लाउटरब्रुनेनची दरी इतकी खोल, की कड्याआड सूर्य बराच आधी दिसेनासा होतो. पंचांगातील वेळ आणि डोळ्यांना दिसणारा सूर्य यांत सौ.ने डोळ्यांचा कौल मानला.

उतरण्यासाठी स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्यावी. भारतातून दुग्धजन्य पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, त्यामुळे तूपसुद्धा घरी ठेवावे लागले. सूनबाईंनी तेथील लोणी कढवून तूप केले. रविवारी मोठ्या स्थानकांतील दुकाने सोडली तर बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी भरावी. ज्या चीजसाठी तो देश प्रसिद्ध आहे, त्यापासून मात्र सावध राहावे. ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेट घालून जमवतात. फाँड्यूमध्ये त्याशिवाय मद्य आणि लसूण. रोश्टी म्हणजे तर निव्वळ किसलेला बटाटा. चिरंजीव कांद्याची आडत करतात आणि घरात कांदा येत नाही, तेव्हा 'विकावे पण खाऊ नये' ही सवय आम्हांस आहेच.

शहरांपैकी बर्न आवडले. आरे नदीच्या वळणात वसलेली ही जुनी पेठ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना कमानींचे छत असलेले फरसबंद पदपथ आहेत, सर्व मिळून सुमारे सहा किलोमीटर. पाऊस आला तरी गिऱ्हाईक भिजत नाही. दुकानांखालच्या तळघरांची दारे थेट रस्त्यावर उघडतात. चिरंजीव घड्याळाचा मनोरा पाहण्याऐवजी त्या तळघरांत माल कसा उतरवत असतील याचाच विचार करत राहिले.

तेथून लाउटरब्रुनेनला आलो. प्रवासी पास असला की आगगाडी, बस, बोट सारे त्यात येते आणि आईवडिलांबरोबर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर तिकीट पडत नाही. त्याच पासवर म्युरेनला गेलो. १६३८ मीटर उंचीवरचे हे गाव अगदी कड्याच्या काठावर आहे आणि तेथे मोटारी नाहीत. मला आहुपे आठवले. घोडेगावच्या शाखेत असताना वसुलीच्या निमित्ताने तेथवर गेलो होतो. असाच काठ, खाली असेच कोकण. पण आहुप्याच्या बाजूची माणसे पोटासाठी नारायणगावच्या मळ्यांत उतरतात, आणि येथे कड्यावर चढून जाण्यासाठी जग पैसे मोजते. याचा हिशेब मला अद्याप मांडता आलेला नाही.

म्युरेनहून पायवाटेने गिमेलवाल्डला उतरलो. वाटेत नातवंडांना नाणेघाटाचा रांजण सांगितला : सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या तांड्यांची जकात त्यात पडे, अशी आपल्याकडील परंपरा. गिमेलवाल्डला पाहतो तो एक दुकान, दार उघडे आणि आत दुकानदार नाही. वस्तूंवर किंमत लिहिलेली आणि पैशांसाठी पेटी. नातू म्हणाला, "दादाजी, रांजण!" आम्ही चार पत्रकार्डे व एक मेणबत्ती घेतली, पैसे मोजून पेटीत टाकले, आणि केबल कारने खाली आलो.

शाखेत रोकड जुळल्याशिवाय कधी घरी गेलो नाही. ती सवय प्रवासातही सुटली नव्हती. त्या रात्री फ्रँक मोजत असता सूनबाईंनी धुवायला काढलेल्या नातवाच्या विजारीतून लाकडाची छोटी गाय निघाली. चिठ्ठीवर सहा फ्रँक. नातवाला वाटले आईने दिले, आईला वाटले मी दिले. कोणाचीच लबाडी नव्हती.

चिरंजीव म्हणाले, "तिथे सुट्टे नसल्यामुळे आपण दोन फ्रँक जास्तच टाकले होते. उरलेले चार. उद्या युंगफ्राउयोखची तिकिटे काढलेली आहेत. त्यापायी ती वाया घालवायची?" १९१२ साली पर्वत पोखरून नेलेली ती रेल्वे, ३४५४ मीटरवरचे ते बर्फ, खरे तर सारी सहल त्या दिवसासाठीच आखली होती. मी म्हणालो, दान दिलेले दोन फ्रँक किमतीत वळते होत नाहीत. सौ. प्रतिक्रमण आटोपून उठली होती. ती एवढेच म्हणाली, "अदत्त घरात आले आहे." मग कोणी काही बोलले नाही.

सकाळी चौघे बर्फाकडे गेले आणि मी व नातू उलट दिशेला. तो बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता. बर्फ हुकल्याचे दुःख आठ वर्षांच्या मुलाला किती मोठे असते, हे मला त्या अर्ध्या तासात समजले. एक-दोनदा वाटले, याला पाठवून आपण एकटेच यायला हवे होते. पण गाय त्याच्या खिशात होती.

दुकानात आजही कोणी नव्हते. त्याने सहा फ्रँक स्वतः मोजले आणि एकेक नाणे आत सोडले. नंतर विचारले, "आता यांना कसे कळणार की हे कालचे आहेत?" मी म्हणालो, कळणार नाही. तो जरा विचारात पडला आणि मग बाकावर येऊन बसला. आम्ही खाखरे खाल्ले. खालच्या कुरणात गाईंच्या गळ्यातील घंटा वाजत होत्या. त्यांतली आपली गाय कोणती, हे तो मला दाखवू लागला.